बावीस घरांचा संघ

माडबंदरच्या सत्यवतीला फुटबॉलचे नियम कोणी शिकवले नव्हते आणि तिनेही ते कोणाला विचारले नव्हते. गावामागच्या मळ्यात भातकापणी झाली की मधल्या मेरा, म्हणजे बांध, फोडून मैदान करत आणि कडेची एक उंच मेर प्रेक्षकांसाठी तशीच ठेवत. त्या मेरेच्या दक्षिण टोकाला, फणसाच्या सावलीत, सत्यवतीची जागा ठरलेली होती. रविवारी तीनचा सामना असला की ती दीड वाजताच मालवणच्या बाजारातून उठे. पाटीत चार बांगडे उरले असले तर शेजारणीच्या पाटीत टाकी आणि मागे वळून बघत नसे. तीस वर्षे मासे विकून तिचा आवाज असा तयार झाला होता की, "शिवा, उजवेकडसून!" अशी तिने हाक मारली की आपल्या शिवाबरोबर समोरच्या संघाचा खेळाडूही उजवीकडे बघे. परगावचे लोक म्हणत, माडबंदरचा संघ बारा जणांचा आहे.

ती विजयदुर्गाकडची. १९६६ च्या मे महिन्यात, सतराव्या वर्षी, लग्न होऊन माडबंदरला आली. तेव्हा तिचा धाकटा दीर काशीराम आठ वर्षांचा होता. सासू आधीच गेलेली. त्यामुळे काशीरामच्या डोक्याला तेल लावण्यापासून त्याला शाळेत पिटाळण्यापर्यंत सगळे तिच्याकडे आले. पुढे तो मोठा झाला, त्याचे लग्न झाले, त्याने आणि नर्मदाने अंगणाच्या पलीकडे वेगळी चूल मांडली. तरी सत्यवती त्याला 'काशी'च म्हणत राहिली आणि तो तिला 'वयनी'.

गावात फुटबॉल आणला तो सत्यवतीच्या नवऱ्याने, बाबलीने. गोव्यात ट्रॉलरवर दोन वर्षे काम करून १९७९ च्या गणपतीला तो घरी आला, तेव्हा पिशवीत बायकोसाठी एक लुगडे आणि गावासाठी एक चेंडू होता. लुगड्याचा रंग सत्यवतीला मुळीच आवडला नाही. चेंडू मात्र साऱ्या गावाला आवडला. बाबली १९८८ मध्ये काविळीने गेला. धाकटा सर्वेश तेव्हा चार वर्षांचा होता. दोन मुली त्याच्याहून मोठ्या.

इथे रापणीविषयी थोडे सांगायला हवे, कारण पुढचे सगळे तिच्यामुळे घडले. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धगोल टाकायचे, त्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणायच्या आणि गावाने मिळून ते जाळे ओढायचे, ही रापण. माडबंदरची रापण बावीस घरांची. प्रत्येक घराचा एक माणूस दोरीला, आणि जी मासळी येईल तीत प्रत्येक घराचा सारखा वाटा. बाबली गेल्यावर त्याच्या घरातून दोरीला लावायला पुरुष उरला नाही. आता त्या घराचा वाटा कसा द्यायचा, असे काही जण हळू आवाजात बोलू लागले. काशीराम तेव्हा तीस वर्षांचा होता. एका सकाळी तो सत्यवतीला पुढे घालून किनाऱ्यावर घेऊन गेला आणि सगळ्यांसमक्ष त्याने तिला दोरीवरची बाबलीची जागा दाखवली.

"दोरयेक हात कळतत," तो म्हणाला. "बाई आसा की बुवा, ता कळणा नाय."

त्या दिवसापासून सर्वेश हाताशी येईपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, सत्यवतीने दोरी ओढली. दोन मुलींची लग्ने त्या दोरीवर झाली.

काशीराम पुढे रापणीचा म्होरक्या झाला. वाटे करताना तो स्वतःच्या घराचा वाटा सर्वांत शेवटी उचली, आणि बावीस घरांपैकी एकालाही कधी त्याच्या हिशेबाबद्दल शंका आली नाही. १९९८ मध्ये किनारपट्टीवरच्या आणि आतल्या मिळून बारा गावांनी फुटबॉलची स्पर्धा सुरू केली. सहा संघ वरच्या गटात, सहा खालच्या. प्रत्येक गावाने एक म्यानेजर द्यायचा होता. माडबंदरमध्ये नावाची चर्चासुद्धा झाली नाही.

काशीरामने संघ रापणीसारखाच चालवला. बावीस घरे, प्रत्येक घराचा एक खेळाडू, प्रत्येकाची पाळी. अकरा घरांची मुले पहिल्या अर्ध्यात खेळत, उरलेल्या अकरांची दुसऱ्या. तेव्हा स्पर्धेत हवे तितके खेळाडू बदलता येत. समोरचा संघ अर्ध्या वेळेनंतर धापा टाकू लागे आणि माडबंदरचे ताजे अकरा जण शाळा सुटल्यासारखे मैदानात धावत येत. २००१ मध्ये माडबंदर वरच्या गटात दुसरे आले. धामापूरच्या म्यानेजरने काशीरामला बाजूला घेऊन विचारले, "ही युक्ती तुमका कोणी शिकवली?"

"युक्ती खंयची?" काशीराम म्हणाला. "वाटे आसत ते."

सत्यवती हे पुढे कितीतरी जणांना सांगे. सांगताना तिला दिराचा अभिमान वाटे, आणि तो ती लपवत नसे.

२००३ च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धेच्या समितीने नियम बदलला. एका सामन्यात फक्त तीन खेळाडू बदलायचे. बाकीच्या अकरा गावांना त्यात काही विशेष वाटले नाही. काशीरामने मात्र दोन दिवस विचार केला आणि घरच्या दाराच्या मागे कोळशाने बावीस रेघा ओढल्या. आता एका रविवारी एक अकरा, पुढच्या रविवारी दुसरे अकरा, आणि मध्ये तीन बदल त्यांचे, ज्यांची पाळी मागे राहिली असेल. कोण चांगला खेळतो, कोण वाईट, हा प्रश्न त्या रेघांमध्ये नव्हता. शिवा हा संघातला सर्वांत चपळ मुलगा एका रविवारी मैदानात असे, तर दुसऱ्या रविवारी मेरेवर शेंगदाणे खात बसे. दोन सामन्यांत गोलात असा एक जण उभा राहिला की तो जिवंत खेकड्यालाही हात लावायला भीत असे. आठ सामन्यांत माडबंदरने एक जिंकला, दोन बरोबरीत सोडवले आणि पाच हरले. पुढच्या रविवारी सहावा हरले.

मेरेवरची कुजबुज जानेवारीत सुरू झाली. आधी ती काशीरामच्या पाठीमागे होती. मग तो ऐकेल इतक्या अंतरावर आली.

"आज गोलात कोण, म्यानेजरानू? की चिठ्ये टाकूचे आसत?"

"तेंका विचारू नको रे, दाराक विचार. दारामागे लिवलेला आसा."

काशीराम हसून सोडून देई. सत्यवती बोलणाऱ्याकडे असे बघे की तो पुढचा अर्धा तास गप्प बसे. पण गप्प बसवून झाल्यावर ती स्वतःही मैदानाकडे बघत गप्पच बसे, कारण बोलणारा खोटे बोलत नव्हता.

शेवटचा, दहावा सामना २९ फेब्रुवारी २००४ रोजी होता. रविवार होता. दोडामार्गकडचा संघ टेम्पोतून आला. त्यातली निम्मी मुले रोज गोव्यात कामाला जात आणि तिथल्या मैदानांवर खेळत. सगळ्यांच्या पायांत बूट होते. माडबंदरला वरच्या गटात राहायला नुसती बरोबरी पुरणार होती. सत्यवती अकराच्या सुमारासच बाजारातून उठली होती.

त्या दिवशी रेघांनुसार शिवाची पाळी होती, आणि शिवा खेळायला लागला की सगळा संघ खेळायला लागे. पस्तिसाव्या मिनिटाला त्याने गोल केला. अर्ध्या वेळेनंतर दोडामार्गने तो फेडला. एक-एक. पुढची वीस मिनिटे माडबंदरच्या मेरेवर कोणी खाली बसले नाही. शिवा कधी पुढे, कधी मागे, चेंडू मिळाला की समोरच्यांना नाचवत वेळ काढत होता. दहा मिनिटे उरली.

काशीरामने हात वर केला. शिवाला बाहेर बोलावले.

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग मेरेवरून एकदम आरडाओरडा झाला. काशीरामने आधी दोन बदल केले होते, तिसरा उरला होता. हंगामाची शेवटची दहा मिनिटे होती, आणि बावीस घरांपैकी एका घराची पाळी अजून पुरी व्हायची होती. ते घर सत्यवतीचे. वीस वर्षांचा सर्वेश संघाचा सदरा सारखा करत मैदानात गेला. जाताना त्याने एकदा आईकडे पाहिले.

नको, असे सत्यवतीला ओरडून म्हणायचे होते. पण स्वतःच्या मुलाला कोणती आई भर मैदानात नको म्हणेल?

सर्वेशला मागे उभे केले होते. सहा मिनिटे त्याच्याकडे चेंडूच आला नाही. सातव्या मिनिटाला दोडामार्गचा एक लांब पोरगा थेट त्याच्यावर धावून आला. सर्वेशने पाय पुढे टाकला, चेंडू त्याच्या दोन पायांमधून गेला आणि तो वळेपर्यंत जाळ्यात होता.

सामना संपला. दोडामार्गची मुले नाचू लागली. माडबंदरच्या मेरेवर कोणीतरी पहिल्यांदा ओरडले, "काशीराम भायर!" आणि पाच-सहा जणांनी ते उचलले. एक जण मोठ्याने म्हणाला, "बांगडे वाटूक येतत, म्हणान काय सगळाच वाटूचा?" एक म्हातारा, जो २००१ मध्ये काशीरामला खांद्यावर घेणाऱ्यांत पुढे होता, तो हातातली काठी आपटत म्हणाला, "शिरा पडो त्या पाळयेर!"

काशीराम चेंडू उचलून आणायला गेला. चेंडू आणला, पिशवीत घातला, पिशवीची गाठ मारली. मग सत्यवतीजवळ येऊन म्हणाला, "बावीसय घरां खेळली, वयनी. एकय रवला नाय."

त्याच्या चेहऱ्यावर समाधान होते. ते पाहून सत्यवतीला जेवढे वाईट वाटले तेवढे त्या गोलानेही वाटले नव्हते.

सोमवारी बाजारात रुक्मिणी तिची वाटच बघत होती. रुक्मिणीची पाटी गेली बारा वर्षे सत्यवतीच्या पाटीला लागून असे. दोघींचे भांडण रोजचे आणि डबाही रोज वाटून खाल्लेला.

"गो सत्ये, तुझ्या दिराक सांग, माका पण एकदा धाडूक होया होता. माझे पाय तुझ्या झिलापेक्षा जवळ आसत. बॉल जावचो नाय मधसून."

आजूबाजूच्या बायका हसल्या. सत्यवतीही हसली असती, दुसऱ्या कोणाच्या मुलाबद्दल असते तर. तिने सुरमईचा तुकडा असा कापला की समोरचे गिऱ्हाईक मागे सरले.

"तुझो पण झील खेळता ना संघात?" ती म्हणाली.

"खेळता. आणि तुझ्यापेक्षा वायट खेळता," रुक्मिणी म्हणाली आणि हसायची थांबली. "पण माका सांग, म्हणान मी घराची पाळी सोडू? माझ्या सासऱ्यान दोरी वडली, घोवान वडली. आमचो वाटो आसा थंय."

सर्वेश दोन दिवस जेवणापुरता घरी येत होता. मंगळवारी संध्याकाळी तो पडवीत जाळ्याची भोके शिवत बसला असताना सत्यवतीने त्याला विचारले, "तुका काय झाला रे मैदानार? पाय एकदम कित्याक टाकलंस?"

"आये, माका खेळूकच जावचा नव्हता," तो मान वर न करता म्हणाला. "शिवा चांगलो खेळत होतो. काकाक मी सांगूक होया होता. पण काका म्हणालो, तुझ्या घराची पाळी आसा. मगे काय सांगू? काकान तुका दोरी दिल्यान, ता मी लहानपणापासून आयकतंय."

सत्यवती उठून आत गेली. भाताचे आधण ठेवले होते ते उतरवले आणि पुन्हा ठेवले.

गुरुवारी, ४ मार्चला, देवळाच्या मांडवात बैठक बसली. शिमग्याला दोन दिवस होते आणि मुंबईचे चाकरमानीही आले होते. त्यामुळे मांडव भरलेला होता. बावीस घरांचे बावीस जण पुढे बसले. बाबलीच्या घराचा आवाज सत्यवतीचा होता, म्हणून ती पुढच्या रांगेत, काशीरामपासून तीन माणसे सोडून बसली.

सुरुवातीला सगळे एकदम बोलले. शिमगा यंदा दोन दिवस आधीच सुरू झाला, असे मागून कोणी तरी म्हणाले. संघ खालच्या गटात गेला, गावाची अब्रू गेली, काशीरामने उतरावे. बावीसपैकी सोळा-सतरा जण हेच म्हणाले, कोणी ओरडून, कोणी जमिनीकडे बघून. काशीराम ऐकत होता. त्याने एकदाच तोंड उघडले.

"माझा काय चुकला, तेवढा सांगा. कोणाची पाळी चुकली?"

पाळी कोणाचीच चुकली नव्हती.

मग नवा म्यानेजर कोण, हा प्रश्न आला. सगळ्यांनी किरणकडे पाहिले. किरण कुडाळकडचा, हायस्कुलात कवायत शिकवणारा, तीन वर्षांपूर्वी गावात बायकोच्या माहेरी राहायला आलेला. तो उभा राहिला आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाला, "मी संघ घ्यायला तयार आहे. माझी एकच अट आहे. अकरा खेळाडू मी निवडणार. घर बघणार नाही."

आत्तापर्यंत सर्वांत मोठ्याने ओरडणारा गृहस्थ घसा साफ करून म्हणाला, "ता बरोबर आसा. पण आमच्या घराची पाळी…"

"आमची पण," दुसरा म्हणाला.

"दोरयेर सगळ्यांचो हात आसा."

"किरणगुरुजीनू, अकरा तुमी निवडा, पण बावीस घरांतले निवडा, आणि पाळयेन निवडा," तिसऱ्याने सुचवले, आणि आपण किती चांगला तोडगा काढला अशा चेहऱ्याने खाली बसला.

किरणने कपाळावर हात मारला नाही, एवढेच. काशीरामला हटवायला सगळे एका पायावर तयार होते, आणि काशीरामची पाळी सोडायला एकही घर तयार नव्हते. सत्यवतीने काशीरामकडे पाहिले. तो हसत नव्हता. त्यालाही हे कळले होते, आणि कळल्यामुळे तो आणखी एकटा दिसत होता.

एक वृद्ध म्हणाले, "कौल लावया. देवाक विचारया. देव सांगात तसा."

बऱ्याच जणांना बरे वाटले. पुजारी उठू लागला. देवाच्या अंगावर फुलांचे कळे लावायचे, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. मग कोणाच्याच माथ्यावर काही येत नाही.

"बसा, भटजीनू," सत्यवती म्हणाली. बाजारातला आवाज तिने वापरला नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत पोचला. "देवाक कित्याक तरास? देवान मॅच बघूक नाय. आपण बघली."

कोणी हसले, मग हसू थांबले. सत्यवती उभी राहिली. तिला बसून बोलायची सवय होती. उभे राहिल्यावर हात कुठे ठेवावेत ते कळेना. तिने पदर घट्ट धरला.

"बाबलीच्या घराची पाळी मी आज सोडतंय," ती म्हणाली. "संघातली. रापणीतली नाय, संघातली. माझो सर्वेश चांगलो झील आसा, पण फुटबॉल तेका येणा नाय. मी आवस आसंय, माका म्हायत आसा. शिवा खेळत होतो तेवा तेका आत धाडूक नको होता."

ती काशीरामकडे वळली. पुढचे सगळे ती त्यालाच बोलली, बाकीचे ऐकत होते इतकेच.

"काशी, तू माका दोरी दिलंस, ता मी मरासर इसरूचंय नाय. तू तेवा बरोबर होतंस. रापण वडूक बावीसय घरां लागतत, एक हात कमी पडलो तर जाळा येणा नाय. पण बॉलाक अकराच लागतत. अकरांतलो एक चुकलो तर सगळ्यांचा जाता. दोरयेर माझो हात तुका चाललो, म्हणान मैदानार माझो झील चालवन घेव नको. कोणाचोच नको."

ती खाली बसली.

मग रुक्मिणीचा नवरा पुटपुटला, "आमची पण सोडली." आणि बायकोने मागून पाठीत बोट खुपसले तरी त्याने शब्द फिरवला नाही. मग एकेक घर बोलत गेले. कोणी मोकळेपणाने सोडली, कोणी दात उपटल्यासारखी. दोन घरांनी शेवटपर्यंत हो म्हटले नाही. त्यांना बावीसमधले वीस आहेत एवढे ऐकवून गप्प बसवले.

काशीराम उठला. सगळ्यांना वाटले तो आता चिडणार.

"मगे ह्या काम माझा नाय," तो म्हणाला. "अकरा जणांक ये म्हणूक माका जमता. अकरा जणांक जा म्हणूक जमाचा नाय." त्याने कनवटीतून संघाच्या सदऱ्यांच्या पेटीची किल्ली काढली, किरणच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरून गेला. राहा, असे त्याला कोणीही म्हटले नाही. सत्यवतीही म्हणाली नाही.

त्यानंतर अंगण तेच राहिले, पण बोलणे आटले. काशीराम तिच्याशी कामापुरते बोले. रापणीत काही बदलले नाही. तिथे तो पूर्वीसारखाच म्होरक्या होता, आणि वाट्याच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा होता. पण सकाळी दोरीवरून परतताना जो चहा तो तिच्या पडवीत बसून पिई, तो आता बंद झाला. नर्मदा दोघांमध्ये ताटे-वाट्यांची ने-आण करत राहिली. "दोघांय एकाच दगडाचे," एवढेच ती म्हणे.

नोव्हेंबरात किरणने पंधरा दिवस मुलांना पळवले आणि शाळेच्या फळ्यावर अकरा नावे लिहिली, शिवाय राखीव चार. सर्वेश ती यादी वाचून घरी आला. तीत त्याचे नाव नव्हते, म्हणजे त्याला हवे होते तेच झाले होते, तरी त्याने ती यादी दोनदा वाचली होती, हे सत्यवतीला रुक्मिणीकडून कळले. त्याने घरी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, पण रात्री ताटावरून अर्धपोटी उठू लागला.

१२ डिसेंबर २००४ ला खालच्या गटातला पहिला सामना माडबंदरच्या मळ्यावर झाला. सत्यवती आपल्या जागेवर होती. शिवाने पूर्ण वेळ खेळून दोन गोल केले, गोलात उभा असलेल्या मुलाला चेंडूची भीती वाटत नव्हती, आणि माडबंदरने दोन-शून्य असा सामना जिंकला. लोकांनी किरणला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण तो जाड होता. सत्यवती ओरडली, टाळ्या वाजवल्या. मग तिची नजर मेरेच्या उत्तर टोकाकडे गेली. तिथे सात मुले बसली होती. मागच्या वर्षी सगळी खेळलेली. त्यांच्यात सर्वेश होता. मुले हसत नव्हती, रागावलेलीही नव्हती. सामना संपल्यावर त्यांच्याजवळ कोणी गेले नाही. सगळी गर्दी दुसऱ्या बाजूला होती. मुले उठून, पायजमे झटकून, वेगवेगळ्या वाटांनी घरी गेली.

सत्यवती घरी आली तेव्हा दिवे लागायची वेळ होती. काशीराम अंगणात होडीचे वल्हे घासत बसला होता. सामन्याला तो आला नव्हता. तिला वाटले, ह्याला निकाल दुसऱ्या कोणी सांगण्यापेक्षा आपण सांगावा.

"जिंकलाव," ती म्हणाली. "दोन-शून्य."

"आयकलंय. आरडत होते." तो घासत राहिला. मग म्हणाला, "शिवा?"

"दोनय शिवान."

"बरा झाला." ते त्याने मनापासून म्हटले, हे तिला कळले. त्याचा हात थांबला. "भायर कोण बसले?"

तिने नावे सांगितली. सहा सांगून ती थांबली. सातवे त्याला माहीत होते.

"तेंका कोण काय बोललो?"

"कोण नाय."

"किरण?"

"तेका लोक खांद्यार घेवक बघत होते. तो पडलो असतो. खंयसून बोलतलो?"

काशीरामने वल्हे खाली ठेवले. मग उठला, दोरीवरचा सदरा घेऊन अंगात घातला आणि अंगण ओलांडून तिच्या पडवीत गेला. सर्वेश आत भिंतीला टेकून बसला होता. सत्यवती अंगणातच उभी राहिली. दार उघडे होते, आवाज बाहेर येत होता.

"सर्वेशा."

सर्वेश म्हणाला, "काका, त्या दिवसा माका आत कित्याक धाडलंस? शिवा होतो ना."

सत्यवतीला वाटले, आता तो म्हणेल, पाळी होती. तिने मान खाली घातली.

"माझा चुकला," काशीराम म्हणाला. "गोल तुझो नाय, माझो. लोकांनी तुका बोललेला पण माझा. माका त्याच दिवसा येवन तुका सांगूक होया होता."

मग सर्वेश रडला. वीस वर्षांचा मुलगा, पण रडला. काशीराम त्याच्याशेजारी भिंतीला टेकून बसला. काय बोलला ते बाहेर ऐकू आले नाही.

पाऊण तासाने तो बाहेर आला. चपला घालताना सत्यवतीला म्हणाला, "आता रुक्मिणीच्या घराकडे जातंय. मगे बाकीच्यांकडे. एकेकाकडे बसूक लागतला."

"सहा घरां आसत, काशी," ती म्हणाली.

"आसांदेत."

तो फाटकातून निघून गेला. सत्यवती आत गेली आणि तांदूळ धुवायला घेतले. आज सर्वेश जेवणार होता.